हलकं पेडल

"हे पेडल पुन्हा जड झालंय," गाडीच्या पोटातून बारीक आवाज आला. "काल जरा बरं होतं. आज कोणी दगड बांधलाय की काय याला?"

मावशी गाडीला खेटून गुडघ्यांवर बसली होती आणि तिचा कान कवचाच्या फटीशी होता, म्हणून ही कुरकुर तिला ऐकू आली. तिनं ती ऐकली न ऐकलीशी करून सोडूनही दिली असती. पण गाडीच्या नाकाखाली पाठीवर पडलेल्या पोराचे, दांड्याचे, कान तिखट.

"जड?" तो खालूनच ओरडला. "अगं, काल लोण्यासारखं करून दिलं तुला! आता काय, मीच आत येऊन ब्रेक दाबू?"

"ये की. मावशी, याला सांग ना..."

"मॅडम," मावशी म्हणाली.

"मॅडम, याला सांगा ना, पेडल जड आहे."

कॉलेजच्या फाटकातून आत आलं की मावशीची मॅडम व्हायची आणि बाहेर पडलं की मॅडमची मावशी, असा दोघींचा कायदा होता. ताईचं घर लांब, कॉलेज इथं, म्हणून पहिल्या वर्षापासून भाची मावशीकडे, मागच्या खोलीत राहायची. आणि मावशी याच कॉलेजात वर्षानुवर्षं यंत्ररचना शिकवत आलेली. एक दांडी ढकलली की तिला जोडलेली दुसरी किती हलते, कुठे अडते, जोर कुठून कुठे जातो, हे फळ्यावर काढून काढून तिच्या उजव्या खांद्याची वाट लागली होती. मुलं तिला पाठीमागे 'चार दांड्यांच्या मॅडम' म्हणायची. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या दांड्याची. त्याचंही हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. गाडीतल्या सगळ्या जोडदांड्या, म्हणजे पेडलपासून ब्रेकपर्यंतचं आणि स्टिअरिंगपासून चाकांपर्यंतचं सगळं लिंकेज, त्यानं आखलं आणि कापलं होतं. शिवाय पहिल्या वर्षी त्यानं तासांना इतक्या दांड्या मारल्या होत्या की नाव दोन्ही बाजूंनी घट्ट बसलं.

आता तो गाडीखालून सरपटत बाहेर आला, तोंडाला काळं फासल्यासारखा. खिशातून त्यानं ताणकाटा काढला, त्याचा आकडा पेडलमध्ये अडकवला आणि ब्रेक पकडेपर्यंत ओढला. काट्याची सुई जेमतेम जागची हलली.

"बघा मॅडम. तुम्हीच बघा. एवढ्या जोरात तर डबीचं झाकणसुद्धा उघडत नाही."

मावशीनं सुई पाहिली. मग तिनं कवचाच्या फटीतून आत पाहिलं. भाचीचे गुडघे दिसत होते, दोन गाठी मारल्यासारखे, आणि त्यांच्या पलीकडे पेडलवर टेकलेला पाय. पाय बारीक थरथरत होता. दांड्याही तिकडेच पाहत होता. दोघांची नजर एकमेकांना भिडली आणि लगेच दोघांनीही ती ताणकाट्याकडे वळवली, जणू सुई आता काहीतरी वेगळं सांगणार होती.

"पायाकडची दांडी आणखी थोडी लांब घे," मावशी म्हणाली.

"आणखी? मॅडम, आणखी लांब घेतली तर पेडल किती दूर दाबावं लागेल! जोर वाचतो तेवढं अंतर द्यावं लागतं, हे तुम्हीच..."

"मीच शिकवलंय, हो. माहीत आहे मला. घे लांब."

"घेतो," दांड्या म्हणाला आणि आकडा काढून पुन्हा गाडीखाली शिरला.

*

ही गाडी शर्यतीची होती, पण पळायच्या शर्यतीची नव्हे. वाटीभर इंधन घालायचं आणि कोणाची गाडी त्यात सगळ्यात लांब जाते ते बघायचं, अशी ती स्पर्धा. पुढे दोन चाकं, मागे एक, वर माशासारखं निमुळतं कवच, आणि आत चालक पाठीवर निजलेला, पाय पुढे, हनुवटी छातीवर. नियमांत हजार गोष्टी होत्या, आरशाच्या आकारापासून भोंग्याच्या आवाजापर्यंत. चालकाचं वजन किती कमी चालेल, एवढं मात्र कोणी लिहिलेलं नव्हतं.

वर्कशॉपच्या दाराशी जमिनीवर एक मोठा वजनकाटा ठेवलेला होता आणि त्याच्यावरून गेल्याशिवाय एकही वस्तू गाडीत बसत नसे. त्या काट्याचा ताबा एका मुलीकडे होता, तिला सगळे काटेवाली म्हणत. खिळा आणा, पट्टी आणा, तारेचा तुकडा आणा, काटेवाली तो तोलणार, नाक मुरडणार आणि परत पाठवणार. मग पोरं त्या वस्तूला भोकं पाडत, कानस मारत, पुन्हा आणत. आकडा खाली आला की सगळं वर्कशॉप टाळ्या वाजवी. ही इथली रीतच होती. बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटे, इथं वाढदिवस चाललाय.

भाचीला चालक केलं ते ती हलकी होती म्हणून नव्हे. हे आता कोणाला आठवतही नसे, पण मावशीला आठवायचं. भाची तेव्हा चांगली गुटगुटीत होती. घरात तिला लहानपणापासून ढमी म्हणत, आणि हाकेला ओ देताना तिचेच गाल वर यायचे. निवड झाली ती तिच्या पायामुळे. इंजिन कधी बंद करायचं, नुसत्या वेगावर गाडी कुठवर सोडायची, पुन्हा कधी चालू करायचं, हे तिच्या पायाला कळायचं. पहिल्याच चाचणीत तिनं सगळ्यात लुकड्या पोराला मागे टाकलं होतं. "हिच्या पायात मीटर बसवलाय," असं कप्तान तेव्हा म्हणाला होता. कप्तान म्हणजे या सगळ्या टोळीचा म्होरक्या, हिशेबात पक्का, हसण्यात कंजूष.

पुढे गाडीत हलकं करण्यासारखं काही उरेना. सांगाडा झाला, कवच झालं, दांड्यांना इतकी भोकं पडली की त्यांतून वारा वाजायचा. बुटांचे तळसुद्धा कानशीनं घासून पातळ केले.

"आता राहिलं काय?" एक दिवस कप्तान फळ्यासमोर उभा राहून म्हणाला. "चालक सोडून सगळं झालं."

"मग चालकालाच भोकं पाडा," दांड्या म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. भाचीही हसली.

पुढच्या आठवड्यात ती आपणहून काट्यावर चढली. आकडा थोडा उतरला होता. काटेवालीनं तो मोठ्यानं वाचला आणि रीतीप्रमाणे टाळ्या पडल्या. मावशी तेव्हा नुकतीच तासावरून आली होती. तिनंही वाजवल्या, आणि तिच्या हातांतून खडूची भुकटी उडाली. भाची त्या भुकटीतून तिच्याकडे बघून हसली. असं हसू मावशीनं तिच्या तोंडावर पहिल्या नंबराच्या वेळीही पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून पोरं तिला ग्रॅम म्हणायला लागली.

मग ते थांबलंच नाही. आणि हळूहळू सगळं वर्कशॉप त्या न थांबण्याच्या मागे धावू लागलं. तिची बैठक पहिल्या सत्रात तिच्याच अंगावरून घेतली होती: पिशवीत पातळ फोम ओतायचा, त्यावर तिला निजवायचं आणि फोम घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. त्या बैठकीत तेव्हाची ढमी अजून निजलेली होती. आताची ग्रॅम त्यात घरंगळायची. वळणावर ती एका बाजूला सरकू नये म्हणून काटेवाली दर थोड्या दिवसांनी तिच्या कमरेपाशी फोमच्या चिंध्या कोंबायची.

"अगं, या चिंध्यांचंच वजन वाढत चाललंय!" काटेवाली एकदा वैतागून म्हणाली. त्यावर कप्ताननं खाकरून टायरमधल्या हवेचा विषय काढला.

पेडल पहिल्यांदा जड झालं तेव्हा दांड्यानं सांध्यांत तेल घातलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा खिळे बदलले. तिसऱ्यांदा त्यानं मधली बेलक्रँक नवी कापली. ही म्हणजे कोपऱ्यात वाकवलेल्या हातासारखी दांडी, एका टोकाला पेडलचा जोर घेते आणि दुसऱ्या टोकानं ब्रेकची तार ओढते. मग लांबी वाढवली. मग आणखी वाढवली. प्रत्येक वेळी आकृती मावशीकडे यायची आणि मावशी खाली सही करायची. आकृत्या सुंदर होत्या, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

प्राचार्य पाहुण्यांना घेऊन यायचे. कॉलेजात दाखवण्यासारखं फार काही नव्हतं, त्यामुळे पाहुणे थेट इथंच. "आमची गाडी काही खातच नाही!" असं म्हणून ते कवचावर थाप मारायचे. गेल्या खेपेस भाची शेजारीच उभी होती, तिच्याकडे हात करून म्हणाले, "आणि ही आमची चालक. हिचंही तसंच!" पाहुणे हसले. मावशीही हसली. हसून झाल्यावर तिला तोंडात कडू लागलं, पण तोवर पाहुणे पुढच्या खोलीत गेले होते आणि प्राचार्य तिच्याकडे वळून हळूच म्हणत होते, "मॅडम, यंदा नंबर आला की प्रयोगशाळा तुमची. शब्द आहे माझा." इतकी वर्षं मावशीची आकृती फळ्यावर निघायची आणि फळ्यावरच पुसली जायची. तिची एखादी गोष्ट रस्त्यावर चालेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि आता ती चालत होती.

*

घरी जेवायला तिघंच. काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं, कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून ते घरी आले की मोजकंच बोलत. पण मोजकं बोलणाऱ्या माणसाचे डोळे रिकामे नसतात.

त्या संध्याकाळी भाचीनं आपलं ताट आपणच वाढून घेतलं. हल्ली ती असंच करायची. थोडा भात घ्यायची, तो ताटभर पसरायची, भाजी त्याच्या कडेनं लावायची. लांबून ताट भरलेलं दिसे. मग ती जेवणभर त्या भाताची जागा बदलत राहायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि शेवटी ताट घेऊन आत जायची.

"भाजी खारट झालीय का?" काका म्हणाले.

"नाही काका. छान झालीय."

"मग तिखट?"

"नाही ओ. मस्त आहे."

"नाही म्हणजे, तू खाल्लेली दिसत नाही म्हणून विचारलं. चव कशी कळली?"

"वासावरून," भाची म्हणाली आणि हसली. हसताना तिच्या ओठाची भेग उघडली आणि तिनं ती जिभेनं झाकली. घरात उकडत होतं. मावशीनं पदरानं वारा घेतला. भाचीनं स्वेटर घातला होता आणि बाह्या बोटांपर्यंत ओढल्या होत्या.

ती आत गेल्यावर काकांनी खिशातून एक बाटली काढून फडताळात ठेवली. टॉनिकची. त्या फळीवर अशा बाटल्यांची आता रांग झाली होती, सगळ्यांची बुचं बंद.

"यानं काय होणारे?" मावशी म्हणाली.

"काही नाही होणार. दुकानात आहे ते मी आणतो. दुकानात नाही ते तू आण."

"म्हणजे काय?"

"काही नाही." त्यांनी ताट उचललं. "गेल्या वेळी बोललो तर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी म्हातारा माणूस, मला अबोला झेपत नाही."

गेल्या वेळी ते एवढंच म्हणाले होते, की पोरीचे केस न्हाणीघराच्या जाळीत फार दिसतात. आणि मावशी अंगावर धावून गेली होती: या वयात सगळ्यांचेच गळतात, अभ्यासाचा ताण असतो, तुम्हाला प्रत्येक माणूस गिऱ्हाईकच दिसतो. ओरडताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला होता. न्हाणीघराच्या कपाटात पाळीच्या पॅडचा पुडा कैक महिने जसाच्या तसा पडून आहे, हे तर तिनं काकांना सांगितलंही नव्हतं. ते कपाट ती हल्ली उघडायचंच टाळायची.

फोन वाजला. ताई.

"काय गं, कशी आहे माझी ढमी? जेवते ना नीट?"

"अगं, तिचं ताट तीच वाढून घेते," मावशी म्हणाली. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"परवा फोटो पाठवला तिनं गाडीतला. चेहरा केवढासा दिसला गं."

"कॅमेऱ्यात तसंच दिसतं. आडवी निजलेली असते ना, गाल मागे जातात."

"असेल बाई. तू आहेस म्हणून मी निर्धास्त. तुझ्या डोळ्यांसमोर आहे ती. नाहीतर माझी झोप उडाली असती."

मावशी हं म्हणाली. फोन ठेवून ती मागच्या खोलीच्या दाराशी गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं. भाची अंथरुणावर पाठीवर निजली होती, गाडीत निजते तशीच, हनुवटी छातीवर, आणि उजवा पाय हवेत धरून पंजा हळूहळू पुढे ढकलत होती. पुढे, मागे. पुढे, मागे. ब्रेकचा सराव चालला होता.

मावशीनं तोंड उघडलं. काय म्हणायचं ते तिच्या जिभेवर होतं, अगदी पुढच्या दातांपाशी आलं होतं.

"मावशी, आपण पहिले येऊ ना गं?" भाचीनं छताकडे बघतच विचारलं.

"झोप आता," मावशी म्हणाली.

*

स्पर्धेच्या आधीची मोठी परीक्षा उताराची असते. गाडी उतारावर, नाक वर करून उभी करतात, चालक ब्रेक दाबतो आणि मग सगळ्यांनी हात काढून घ्यायचे. परीक्षक पुरे म्हणेपर्यंत गाडी तसूभर हलता कामा नये. हलली, की गाडी परत ट्रकमध्ये.

वर्कशॉपच्या मागे सामान चढवायचा एक पत्र्याचा उतार होता. दुपारी सगळे तिथं जमले. दांड्यानं लांब केलेली दांडी बसवली होती आणि तिच्यावर काटेवालीचा शिक्काही पडला होता. काटेवालीनं सकाळीच चालकाचंही वजन घेतलं होतं. आकडा तिनं या वेळी मोठ्यानं वाचला नाही, आणि टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत. फक्त कप्ताननं हातातल्या कागदावर काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं.

"ग्रॅम, तयार?"

"तयार."

कप्तान आणि काटेवालीनं गाडी उतारावर ढकलली. दांड्या पुढच्या चाकाशेजारी उकिडवा बसला; ब्रेक चकतीला कसा धरतो ते त्याला जवळून बघायचं होतं. मावशी खाली, पायथ्याशी.

"दाब."

ब्रेक लागला. कप्ताननं हात काढला. काटेवालीनं हात काढला. गाडी उभी राहिली. दांड्या मान वर करून मावशीकडे बघून हसला. दात तेवढे पांढरे, बाकी सगळं ग्रीस. "बघा मॅडम! म्हटलं नव्हतं?"

कवचाच्या आतून एक आवाज आला, शब्द नव्हे, नुसता श्वास फाटल्याचा. मग गाडी मागे निघाली.

ती जोरात आली असंही नाही. हलकी गाडी, हलकी पोर. पण दांड्यानं विचार केला नाही. आपलं पोर पडताना बाप जसा हात घालतो तसा त्यानं फिरत्या चाकाला हात घातला. आऱ्यांनी त्याची बोटं उचलली आणि ब्रेकच्या पकडीपर्यंत नेली. चाक थांबलं. दांड्याच्या तोंडातून आधी काही आवाजच निघाला नाही, आणि मग जो निघाला तो ऐकून शेजारच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या.

चाक उलटं फिरवून हात सोडवावा लागला. मावशीनं आपला रुमाल गुंडाळला, मग कप्तानचा शर्ट. दांड्याचा चेहरा ग्रीसखाली राखेसारखा झाला होता. रिक्षात बसवताना तो मावशीला म्हणाला, "मॅडम, माझ्या दांडीनंच दगा दिला. आकृतीतच काहीतरी चुकलंय माझं. तुम्ही तपासा हां." मग म्हणाला, "ग्रॅमला लागलं नाही ना?"

रिक्षा गेली. कप्तान त्याच्याबरोबर गेला.

*

वर्कशॉपमध्ये तिघी उरल्या. भाचीला गाडीतून बाहेर काढायला दोघींची गरज पडली नाही. मावशीनं एकटीनं काखेत हात घालून तिला उचललं आणि उचलताना जोर लावावाच लागला नाही. पोरगी अवजारांच्या पेटीवर बसली, स्वेटरच्या बाह्यांत हात लपवून, दात वाजत.

"त्याची बोटं..." ती म्हणाली.

"बघतायत डॉक्टर."

"माझा पाय घसरला, मावशी." मॅडम म्हणायचं ती विसरली होती. "बुटाचा तळ गुळगुळीत झालाय ना, म्हणून."

"हो, बूटच असणार," काटेवाली घाईनं म्हणाली. "आपण फारच घासला तो."

मावशीनं पदर खोचला, पान्यांचा डबा ओढला आणि कवच काढायला घेतलं. दोष शोधायची एकच रीत तिला येत होती, ती तिनं शेकडो पोरांना शिकवली होती: टोकापासून सुरू करायचं, एकेक तुकडा हातात घ्यायचा, आणि जो बरा आहे त्याला बरा म्हणून बाजूला ठेवायचं. शेवटी जो उरतो, तो.

तिनं बूट घेतला. पेडलवर टेकवून ढकलला. पेडलला खरखरीत पट्टी चिकटवलेली होती, बूट तिच्यावर रुतून बसला.

"बूट बरा आहे," ती म्हणाली आणि बूट जमिनीवर ठेवला.

"मग तार ढिली पडली असेल," काटेवाली म्हणाली.

तार काढली. टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवली. एक धागा तुटलेला नव्हता.

"तार बरी आहे."

ब्रेकचे गट्टे कोरडे होते, स्वच्छ, चांगले जाड. बरे आहेत. पेडलचा खिळा सरळ होता. बेलक्रँक, दांड्यानं कापलेली, कडा पोरानं हातानं घासून गुळगुळीत केलेल्या, कुठे वाक नाही, कुठे चीर नाही. मावशीनं ती उजेडात धरली तेव्हा तिला तिच्यावर सुकत आलेलं रक्त दिसलं. ते तिनं पुसलं आणि दांडी बुटाशेजारी ठेवली.

"हीसुद्धा बरी आहे."

मग तिनं सगळं पुन्हा जोडलं. भाची बघत होती. काटेवाली बघत होती आणि मध्येच दाराकडे बघत होती. मावशीनं पेडलवर आपला हात ठेवला, पायही नव्हे, आणि दोन बोटांनी दाबलं. ब्रेक गपकन लागला. काटेवालीनं चाक फिरवायचा प्रयत्न केला. चाक जागचं हललं नाही.

फोन वाजला, कप्तानचा. मावशीनं तो पेटीवर ठेवून आवाज मोठा केला.

"मॅडम, दोन बोटं मोडलीत. शस्त्रक्रिया लागणार आहे. पूर्वीसारखी मिटतील की नाही, डॉक्टर आत्ता सांगत नाहीत." त्याचा आवाज कोरडा होता. "तो एकच बडबडतोय, माझी दांडी, माझी दांडी. प्राचार्यांचा फोन आला होता. त्यांना संध्याकाळपर्यंत कारण पाहिजे, लेखी. मी म्हटलं लिंकेज. लिंकेजच ना मॅडम?"

काटेवालीनं न हलणाऱ्या चाकावरून हात काढून घेतला.

"आणि मी काय म्हणतो," कप्तान पुढे म्हणाला, "पायाचा ब्रेक सोडूनच देऊ. हाताचा बसवू. दांडी उचलून खांद्याजवळ आणू, जोर आणखी कमी करता येईल. मी करतो आकृती. वजन थोडं वाढेल, पण ग्रॅमनं अजून थोडं... म्हणजे, ते आपण बघू. स्पर्धेला वेळ आहे अजून."

"मी करीन," भाची पेटीवरून म्हणाली. "करीन मी. हाताचा चालेल मला." तिनं दाखवायला म्हणून हात बाहीतून बाहेर काढला आणि मूठ वळली. मूठ वळून पूर्ण होईना.

काटेवालीनं मान खाली घातली.

मावशीला प्राचार्य दिसले, त्यांचा शब्द दिसला, ताई दिसली निर्धास्त झोपलेली. उत्तर अगदी सोपं होतं. 'लिंकेज' एवढा एक शब्द लिहायचा आणि खाली सही करायची. इतक्या आकृत्यांवर केली तशी आणखी एक. दांड्यानं तर तो दोष आपणहून उचललाच होता. आणि उद्यापासून एक नवी दांडी, आणखी हलकी, आणखी लांब, आणि ही पोर तिच्या मागे मागे झिजत जाणार, एक दिवस दाबायला काही उरणार नाही तोवर.

"मॅडम?" फोनमधून कप्तान म्हणाला. "ऐकताय ना? लिंकेज लिहू?"

"लिहू नकोस," मावशी म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो वर्गात यायचा तसा आला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "लिंकेजमध्ये काही दोष नाही. मी सगळं उघडून पाहिलंय. त्या पोराला सांग, तुझी दांडी बरी आहे, पहिलीही बरी होती. पेडल कधीच जड झालं नव्हतं."

"मग काय लिहू?"

"मावशी, नको," भाची म्हणाली.

मावशी तिच्याकडे वळली आणि पहिल्यांदाच तिनं नजर कुठेही हलवली नाही.

"लिही, की ती उपाशी आहे. कैक महिने उपाशी आहे आणि मरायला टेकलीय. आणि आपल्या सगळ्यांना ते दिसत होतं. ती जेवत नव्हती म्हणून गाडी पुढे जात होती, आणि मला गाडी पुढे जायला हवी होती."